तुटलेला धागा आणि उघडे रिंगण

(आखाडा बाळापूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



१९७३ सालच्या उन्हाळ्यात आइसलँडमधील द्रागहाल्स नावाच्या शेतावर काही माणसे मोकळ्या आकाशाखाली एकत्र जमली. यजमान होते स्वेनब्योर्न बेंतेन्सन, व्यवसायाने शेतकरी आणि वृत्तीने कवी. मेघगर्जनेची देवता थोर हिच्या मूर्तीसमोर त्यांनी प्राचीन काव्य म्हटले आणि पूर्वजांच्या देवतांना आवाहन केले. या देशाने इ.स. १००० च्या सुमारास थिंगवेत्लिर येथील राष्ट्रसभेत ख्रिस्ती पंथ स्वीकारला होता. त्यानंतर असा जाहीर सामूहिक विधी तेथे जवळजवळ पावणेदहा शतके झाला नव्हता. जमलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यातील तो पहिलाच विधी होता, कारण तो पाहिलेला कोणीही हयात नव्हता.

अशा उपासकांना युरोपात ‘हीदन’ म्हणत. माळरानावर राहणारा, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ सांगितला जातो. पुढे तो हिणवण्यासाठी वापरला गेला. आज तेच उपासक तो स्वाभिमानाने मिरवतात. १९७२ साली मूठभर मंडळींनी स्थापन केलेल्या आइसलँडमधील संस्थेला पुढच्याच वर्षी शासनमान्यता मिळाली. आज तिची सदस्यसंख्या पाच हजारांहून अधिक आहे.

अमेरिका आणि युरोपात हे लोक आता तंबू ठोकून दोन-चार दिवसांची शिबिरे भरवतात. स्वयंपाक सामुदायिक असतो, रात्री शेकोटीभोवती कथाकथन चालते. नवागताची खरी कसोटी लागते ती ‘सुम्बेल’ या विधीत. पेयाने भरलेले शिंग हातोहात फिरते. बहुधा पहिली फेरी देवतांसाठी, दुसरी पूर्वजांसाठी आणि तिसरी संकल्पासाठी असते. मद्य न घेणाऱ्यास फळांचा रस चालतो. मात्र समाजासमक्ष उच्चारलेला संकल्प बंधनकारक मानला जातो. पाहुणा म्हणून आलेला मनुष्य त्या क्षणी उत्तरदायी होतो.

त्यांची अडचण मात्र मोठी आहे. ज्या ग्रंथांच्या आधारे हे विधी उभे केले जातात, ते बहुतांशी धर्मांतरानंतर दोन शतकांहून अधिक काळाने लिहिले गेले. स्नोरी स्टुर्लुसन याची ‘एड्डा’ इ.स. १२२० च्या सुमाराची आहे. मंत्र कोणत्या स्वरात म्हणावा, नैवेद्य कोणत्या क्रमाने दाखवावा, हे सांगणारी आजी त्यांच्या घरात नाही. नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून पूजिल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील नरसीचे पोर दिंडीत जाते, तेव्हा टाळ कसा धरावा हे त्याला ग्रंथात शोधावे लागत नाही. पुढे चालणाऱ्याकडे पाहून ते शिकते. परंपरेचा धागा अखंड असणे म्हणजे काय, हे तो तुटलेल्यांकडे पाहिल्यावर उमगते.

परंतु सज्जनहो, येथेच समाधान मानून थांबणे योग्य नव्हे. त्या रिंगणात कोणी उभे राहावे, यावरून या लोकांत तीव्र वाद आहे. हिटलरच्या राजवटीने याच परंपरेची चिन्हे वंशद्वेषासाठी राबविली. आजही काही गट गोऱ्या कातडीची अट घालतात. अमेरिकेतील अशाच एका संघटनेच्या विरोधात २०१६ साली अनेक हीदन गटांनी ‘घोषणापत्र १२७’ वर स्वाक्षऱ्या केल्या. आमच्या देवतांच्या नावाने कोणालाही जन्मावरून बाहेर ठेवता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आपल्याच माणसांना उघडपणे विरोध करण्यास धैर्य लागते.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. चोखोबांच्या अस्थी नामदेव महाराजांनी मंगळवेढ्याहून आणून पंढरीच्या महाद्वाराशी समाधी बांधली, अशी परंपरा सांगते. समाधी महाद्वारी झाली, पण चोखोबांच्या बांधवांना आत प्रवेश मिळण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. आपला धागा अखंड होता, पण रिंगण बंद होते. केवळ प्राचीनत्वाने परंपरा मोठी होत नाही, हे आपल्याच इतिहासाने शिकविले आहे.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आषाढीची दिंडी असो, गावचा सप्ताह असो वा घरचे कुळाचार असोत, पहिल्यांदा येणाऱ्याकडे लक्ष ठेवा. त्याची जात विचारू नका, त्याच्या हाती टाळ द्या. पंगतीत त्याला आपल्या शेजारी बसवा. त्याने अर्थ विचारला तर रागावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा. ती माणसे गेल्यावर विचारायचे कोणाला? पूर्वजांनी जपलेला हा ठेवा पुढच्या पिढीच्या हाती मोकळ्या मनाने सोपविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.