मार्गदर्शक आणि संशोधक : विश्वासाचे नाते
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पदवीपर्यंतचा विद्यार्थी वर्गातील अनेकांपैकी एक असतो. पीएच.डी.साठी नाव नोंदविताच मात्र त्याचे भवितव्य बहुतांशी एका मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीशी बांधले जाते. प्रगती अहवाल, प्रबंध सादर करण्याची संमती, नोकरीसाठीचे शिफारसपत्र, सारे त्याच हातून जाते. ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याच्यावर जबाबदारीही अधिक, हे या नात्याचे पहिले सूत्र होय.

१९६७ साली केंब्रिज विद्यापीठात जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी अँटनी ह्युइश यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होती. रेडिओ दुर्बिणीच्या उभारणीत तिचे श्रम होतेच. शिवाय लांबच लांब कागदी आलेखांतील एक क्षीण खूण तिनेच हेरली. तो मानवनिर्मित अडथळा असावा, असे ह्युइश यांना प्रथम वाटले. तिने पाठपुरावा सोडला नाही. त्यातूनच पल्सार ताऱ्यांचा शोध लागला. १९६८ च्या शोधनिबंधात पाच लेखकांपैकी तिचे नाव दुसरे होते. १९७४ चे नोबेल मात्र ह्युइश आणि मार्टिन राईल यांना मिळाले. बेल यांनी कटुता बाळगली नाही. २०१८ मध्ये मिळालेल्या ब्रेकथ्रू पारितोषिकाचे ३० लाख डॉलर त्यांनी उपेक्षित गटांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिले. हे औदार्य वंदनीय आहे. परंतु श्रेयाचा न्याय विद्यार्थ्याच्या औदार्यावर सोपवावयाचा नसतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एका प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक अशी मर्यादा घातली आहे. विद्यार्थ्याने दर सत्रास सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी, अशीही तरतूद आहे. याचा हेतू उघड आहे : मार्गदर्शकास वेळ मिळावा आणि विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकणारे आणखी कोणी असावे.

तथापि नियम हे कुंपण, पीक विश्वासाचेच. म्हणून आरंभीच काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. भेट किती दिवसांनी? दिलेले प्रकरण किती दिवसांत तपासून मिळेल? निबंधावर कोणाची नावे, कोणत्या क्रमाने? ज्याने काम केले नाही त्याचे नाव घालू नये. ज्याने केले त्याचे गाळू नये. संशोधक विद्यार्थी हा घरकामाचा गडी नव्हे, हेही स्पष्टच सांगितले पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमचेही कर्तव्य तितकेच मोठे आहे. फसलेला प्रयोग लपवू नका, आकडे रचू नका, दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून मिरवू नका. आदर राखून मतभेद मांडा. मौन म्हणजे नम्रता नव्हे. शिष्याचा प्रश्न ज्याला अपमान वाटत नाही तो खरा गुरू आणि गुरूची चूक दाखवितानाही ज्याची वाणी ढळत नाही तो खरा शिष्य.

असे गुरुशिष्य आपल्या विद्यापीठांत वाढोत, एवढी सदिच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.