किडीला थंडीची मात्रा

दक्षिण सोलापूर तालुक्यातलं कुंभारी अनेकांना माहीत आहे ते विडी कामगार महिलांच्या वसाहतीमुळे. गोदूताई परुळेकरांचं नाव असलेल्या या वसाहतीतली १०,००० घरं २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आली. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका सोलापूरकरांना काही नव्या नाहीत. तंबाखू फार दिवस पडून राहिली, की तिच्यात एक तांबूस, पोक आल्यासारखा, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा दिसू लागतो. त्याचं शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. श्रोतेहो, मी संग्रहालयातल्या वस्तू जतन करण्याचं काम करतो आणि हा भुंगेरा आमच्याही चांगल्या ओळखीचा आहे.

कारण त्याला नुसती तंबाखूच लागते असं नाही. मिरची, हळद, धणे, वाळवून ठेवलेल्या वनस्पतींचे नमुने, पुस्तकांच्या बांधणीतली खळ, सगळं त्याला चालतं. खाण्याचं काम मुख्यतः अळी करते. आपल्याला दिसतं ते टाचणीनं पाडावं तसं भोक आणि खाली पडलेला भुसा. इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाच्या थडग्यातल्या वस्तूंतही या किड्याचे अवशेष मिळाले होते. म्हणजे भांडण तीन हजार वर्षांहून जुनं आहे.

आपल्याकडे पोथ्यांत वेखंड ठेवत, कडुनिंबाचा पाला घालत, कपडे उन्हात टाकत. त्यानंतर विषाचा जमाना आला. पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांच्या कातड्यांना आर्सेनिक चोळलं जाई, पुढे डीडीटी आलं. किडे मेले, पण विष वस्तूतच राहिलं. जगभरच्या जुन्या संग्रहांतल्या अशा वस्तू आजही हातमोजे घालूनच हाताळाव्या लागतात. मिथिल ब्रोमाइडची धुरी प्रभावी होती, पण तो वायू ओझोनचा थर विरळ करतो. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार प्रगत देशांनी २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५ पर्यंत, काही अपवाद सोडून, त्याचा वापर थांबवायचा होता. मला यात सगळ्यात खटकतं ते हे, की किडा एकदाच मरे आणि विषाच्या सहवासात कपाटं झाडणारा शिपाई मात्र वर्षानुवर्षं राही.

थंडीचा उपाय बिनविषारी आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात १९७७ साली दुर्मीळ पुस्तकांना भुंगेरे लागले, तेव्हा पुस्तकं तीन दिवस कडक थंडीत गोठवून त्यांचा नायनाट केला गेला. तेव्हापासून ही पद्धत रुळली.

डीप फ्रीजरचं तापमान उणे ३० अंशांपर्यंत जात असेल तर तीन दिवस पुरतात. उणे २० असेल तर निदान एक आठवडा, आणि वस्तू जाड असेल तर दोन आठवडे. वस्तू सुती कापडात गुंडाळायची, पॉलिथिनच्या पिशवीत घालून शक्य तेवढी हवा काढायची आणि पिशवी घट्ट बंद करायची. थंडी मात्र झपाट्यानं बसली पाहिजे. हळूहळू गारठा वाढला तर काही किडे शरीरात ग्लिसरीनसारखी द्रव्यं साठवून तग धरतात. इथे आपली घोंगडी घात करते. लोकर माणसाला थंडीपासून वाचवते, तशीच आत बसलेल्या कसरीच्या अळीलाही वाचवते. म्हणून घोंगडीची गठडी न करता पातळ घड्या करून, फ्रीजर गच्च न भरता ठेवायची. वीज बराच वेळ गेली आणि आतलं तापमान चढलं, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. फ्रीजरमध्ये थर्मामीटर हवाच. घरच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर भिस्त ठेवू नये. तो पुष्कळदा पुरेसा थंड होत नाही.

सगळंच गोठवता येत नाही. तैलचित्रं, काचेवरची छायाचित्रं, हस्तिदंत, जडावकाम केलेलं लाकूड यांना थंडीनं तडे जाऊ शकतात. हलगी किंवा संबळ यांचं ताणलेलं कातडंही धोक्यात येतं.

मग कोणी विचारतं, सोलापूरच्या मे महिन्यातलं ऊन काय वाईट? वाईट नाही. ५५ अंशांच्या आसपास बहुतेक किडे थोड्या वेळात मरतात आणि काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवलेली वस्तू तेवढी तापू शकते. साध्या सतरंजीला हा उपाय मी खुशाल सांगेन. पण पोथीचा कागद, सरस, लाखेचं काम यांना ते सोसत नाही. लहान संग्रहालयानं पैसे आले की आधी काचेची नवी कपाटं घेण्यापेक्षा एक चांगला फ्रीजर घ्यावा, असं माझं मत आहे. किडलेली वस्तू चकचकीत कपाटात ठेवली, तर शेजारची वस्तूही किडते.

फ्रीजरमधून काढलेली पिशवी लगेच उघडायची नाही. बाहेरच्या दमट हवेनं वस्तूवर पाणी सुटतं. पूर्ण एक दिवस तिला बंदच राहू द्यायचं. थंडीचा कोणताही अंश मागे उरत नसल्यामुळे नवी कसर दुसऱ्याच दिवशी पुन्हा लागू शकते, तेव्हा वस्तू स्वच्छ कपाटातच जायला हवी. त्याआधी मऊ ब्रशनं सगळा भुसा, मेलेल्या अळ्या आणि त्यांची कात झाडून काढायची आणि चिठ्ठीवर तारीख लिहायची. नाहीतर पुढच्या महिन्यात दिसलेला भुसा जुना की नवा, हे सांगता येत नाही.