एका छपराखालीं दोन बिऱ्हाडें

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ अशी एक म्हण मराठींत आहे. स्वतःचें घर नसलेला, चार भांडीं व एक वळकटी घेऊन गांवोगांव फिरणारा माणूस या म्हणीनें डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु विंचवाला एक सोय आहे. त्याला कोणाच्या घरीं भाड्यानें राहावें लागत नाहीं. माणसाला तें चुकत नाहीं. विद्येसाठीं, नोकरीसाठीं किंवा औषधपाण्यासाठीं गांव सोडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या छपराखालीं आपला दिवा आणि आपलें अंथरूण मांडावें लागतें. आणि ज्याचें छप्पर असतें त्याला आपल्या अंगणांतून, जिन्यावरून व मोरीवरून परक्या माणसाची वहिवाट सोसावी लागते. या दोघांचें एका घरांत कसें निभतें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. मराठवाड्यांतल्या नांदेड आणि लातूर या शहरांत मात्र तो गल्लोगल्लीचा रोजचा प्रश्न आहे.

परकीं माणसें सामावून घेण्याची नांदेडची संवय जुनी. गोदावरीच्या कांठच्या या गांवीं 1708 सालीं गुरु गोविंदसिंग यांचें देहावसान झालें. तेथें उभें असलेलें तख्त सचखंड श्री हजूर साहिब देशोदेशींच्या यात्रेकरूंना या शहरीं आणतें. त्यांच्यासाठीं यात्रीनिवास आहेत. आणि लंगरांत पंगतीला बसणाऱ्याला त्याचें गांव, जात किंवा पैसा कोणी विचारीत नाहीं. पण यात्रेकरू दोन रात्री राहून जातो. वर्ष-दोन वर्षें राहणारा पाहुणा नांदेडला शिक्षणाच्या वाटेनें आला. 1950 सालीं पीपल्स कॉलेज निघालें, पुढें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलें, 1994 सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. आणि शहराच्या वस्त्यांतून माडीवरच्या खोल्यांना मोल आलें.

लातूरला असा क्षेत्राचा महिमा नव्हता. तें व्यापाराचें गांव. सोळा रस्ते जिला येऊन मिळतात ती गंज गोलाई अजून त्याची खूण सांगते. 1982 सालीं तें जिल्ह्याचें ठिकाण झालें. त्याच सुमाराच्या दशकांत राजर्षी शाहू महाविद्यालयांत, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळांत, जादा तास, वरचेवर सराव परीक्षा आणि घोटून घेतलेला अभ्यास यांची जी शिस्त बसली, तिला पुढें ‘लातूर पॅटर्न’ हें नांव पडलें. गुणवत्ता यादींत लातूरचीं नांवें झळकूं लागलीं, आणि उदगीर, निलंगा, मुखेड, कंधार, देगलूर येथूनच नव्हे, तर दूरच्या जिल्ह्यांतूनही आईबाप मुलांना घेऊन येऊं लागले. शिकवणीचे वर्ग वाढले, वसतिगृहें निघालीं. तरीही मुलें उरलीं, आणि तीं घराघरांतून राहिलीं.

जुन्या काळीं परगांवच्या गरीब विद्यार्थ्याची सोय वारांनीं होत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे सात वार लावून मुलगा जेवत असे. कोणी माधुकरी मागे. या चालीचा गौरव पुष्कळ झाला आहे, आणि कांहीं अंशीं तो योग्यही आहे, कारण तिच्यामुळें अनेक निर्धन मुलें शिकलीं. परंतु त्या पंगतीला दुसरी एक बाजू होती. जेथें फुकट जेवावयाचें तेथें मीठ कमी पडलें तरी मागण्याची चोरी. पाणी भरावयास किंवा पोर सांभाळावयास सांगितलें तर नाहीं म्हणण्याची सोय नाहीं. शिवाय हे वार बहुधा आपल्याच जातीच्या घरीं मिळत. ज्याच्या जातीचीं सधन घरें शहरांत नव्हतीं, त्याला वारही नव्हते. भाड्याच्या खोलीनें हा मिंधेपणा संपविला, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. पैसे मोजणारा मुलगा मान वर करून जिना चढतो. दुसरी अडचण मात्र पुरती गेलेली नाहीं. खोली पाहावयास आलेल्या मुलाला आधीं आडनांव विचारावें आणि मग खोली नुकतीच गेल्याचें सांगावें, हा प्रकार शहरांतून अजून घडतो. लंगराच्या पंगतीला जें साधतें, तें माडीच्या जिन्याशीं येऊन अडखळतें.

आज लातुरांत औसा रोडला, खाडगांव रोडला किंवा उद्योग भवनाच्या परिसरांत असें एखादें घर पाहावें. खालीं मालकाचें कुटुंब, वर तीन खोल्या, आणि प्रत्येक खोलींत दोन मुलें. लोखंडी खाट, एक मेज, भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. या खोल्यांच्या आधारानें सारी गल्ली चालते. कोपऱ्यावरच्या खानावळींतून दोन वेळचे डबे जातात. इस्त्रीवाला आठवड्याचे कपडे मोजून नेतो. शुद्ध पाण्याचे जार घेऊन छोटा टेंपो फिरतो. अभ्यासिकेंत तासांच्या हिशेबानें नव्हे तर महिन्याच्या हिशेबानें खुर्ची मिळते. मालक तरी फार सधन असतो असें नाहीं. बहुधा तो निवृत्त शिक्षक, लहान दुकानदार किंवा कोरडवाहू शेतीला कंटाळून शहरीं आलेला शेतकरी असतो. माडी कर्जानें बांधलेली असते आणि मुलांच्या भाड्यांतून तिचा हप्ता फिटतो. मार्च 2020 मध्यें टाळेबंदी झाली आणि मुलें वळकट्या बांधून गांवीं गेलीं, तेव्हां या मुलांवर किती घरांच्या चुली अवलंबून आहेत हें गल्लीला कळून आलें.

परंतु या सहवासाची खरी कसोटी पैशानें होत नाहीं. ती पाण्यानें होते. लातूरला पाणी येतें मांजरा नदीवरील धनेगांवच्या धरणांतून, आणि तें धरण पावसाच्या मर्जीवर. कित्येक वर्षें नळाला रोज पाणी येणें हें या शहराला ठाऊकच नाहीं; तें अनेक दिवसांच्या अंतरानें येतें व टांकींत सांठवून पुरवावें लागतें. 2016 सालच्या उन्हाळ्यांत तर धरणच आटलें. नळ कोरडे पडले, टँकरवर भिस्त राहिली, आणि पाणी भरण्याच्या ठिकाणीं मारामारी होऊं नये म्हणून मार्च महिन्यांत कलम 144 अन्वये जमावबंदी करावी लागली. 12 एप्रिल रोजीं मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटरांचा प्रवास करून पाण्याची पहिली आगगाडी लातुरांत आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारें 5 लाख लिटर पाणी होतें. 2011 च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे त्या गाडीनें माणशीं सव्वा लिटरच्या आसपास पाणी आणलें. पुढें गाडीला पन्नास वाघिणी लागल्या, तेव्हां तें मान साडेसहा लिटरांवर गेलें. या ‘जलदूत’ गाडीच्या खेपा ऑगस्टपर्यंत चालू होत्या.

अशा वेळीं माडीवरचीं सहा मुलें घरांतलीं धरावयाचीं कीं बाहेरचीं, हा प्रश्न प्रत्येक घरमालकापुढें उभा राहतो. दुष्काळ नसतांनाही हिशेब सोपा नसतो. समजा, खालीं चार माणसें, वर सहा मुलें, टांकी 5,000 लिटरांची आणि पाणी आठव्या दिवशीं. तर दर माणशीं रोज सुमारें 62 लिटर, म्हणजे चार बादल्या. तेवढ्यांत स्नान, कपडे, भांडीं आणि शौच. एकानें नळ दहा मिनिटें उघडा टाकला कीं एका माणसाचा दिवसाचा वांटा गटारांत गेला. मुलाला वाटतें, भाड्यांत पाणी आलें. मालकिणीला वाटतें, भाडें खोलीचें आहे, पाणी माझ्या जिवाचें आहे. दोघांचेंही म्हणणें त्यांच्या जागीं खरें असतें, आणि भांडण बहुधा अशाच दोन खऱ्यांमधून उत्पन्न होतें.

या बाबतींत कायदा अगदींच मुका नाहीं. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम 1999 सालचा. तो 31 मार्च 2000 पासून अंमलांत आला. लेखी करार करून त्याची नोंदणी करावी, असें तो सांगतो, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकतो. पुरेशा कारणावांचून भाडेकरूचें पाणी, वीज किंवा जिन्यावरचा दिवा तोडूं नये, असेंही त्यांत आहे. ज्या घरांत मालक स्वतः राहतो त्याच घराचा एक भाग ज्याला राहावयास दिला, त्याचीही व्याख्या त्यांत केलेली आहे. परंतु टांकींत पाणीच नसेल तर तें कसें वांटावें, हें कोणताही कायदा सांगूं शकत नाहीं. तें घरानेंच ठरवावें लागतें.

तें कसें ठरवावें, याचा धडा ज्या घरांत हीं बिऱ्हाडें वर्षानुवर्षें सुखानें नांदतात त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. तेथें खोली दाखवितांनाच पाण्याची गोष्ट निघते. पाणी कितव्या दिवशीं येतें, माणशीं बादल्या किती, टँकर मागवावा लागला तर त्याचा खर्च कसा वांटावयाचा, पाहुणा आला तर काय, हें मुलाच्या बापासमोर सांगितलें जातें. कांहीं घरांत माडीसाठीं निराळी लहान टांकी बसविलेली असते. ती संपली कीं कोणाकडे बोट दाखवावयास जागा राहत नाहीं. खालच्या मजल्यालाही तोच नियम असतो. मुलांनीं चार बादल्यांत भागवावें आणि मालकानें नळी लावून अंगण धुवावें, असें जेथें घडतें तेथें नियम दोन दिवसही टिकत नाहीं.

हिशेबाची भाषा आली कीं माया आटते, अशी एक समजूत आहे. अनुभव याच्या उलट आहे. मनांत धरलेला हिशेब हाच मायेचा शत्रु होय. मालकीण बोलत नाहीं, पण बादल्या मोजते. मुलगा बोलत नाहीं, पण रात्रीं नळ हळूच सोडतो. आणि एके दिवशीं क्षुल्लक कारणावरून दोन्ही तोंडें सुटतात. जें आधीं बोललें गेलें, त्याचा सल राहत नाहीं. तिसऱ्या दिवशींही न हलणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण मराठींत आहे. पण जो दोन वर्षें राहणार तो पाहुणा नव्हे, आणि त्याला पाहुणा म्हणून वागविण्यांत दोघांचीही ओढाताण होते.

हिशेब चोख झाला म्हणजे मग दुसऱ्या गोष्टीला जागा होते, आणि ती गोष्ट भाड्याच्या पावतींत बसत नाहीं. माडीवर येणारें मूल सोळा-सतरा वर्षांचें असतें. त्याच्या बापानें शेतीवर कर्ज काढून वर्गाची फी भरलेली असते, हें त्याला ठाऊक असतें. सराव परीक्षेंत गुण कमी पडले तर तें गांवीं कळवीत नाहीं. वर्गांत शेंकडों मुलें; शिक्षकाला तें दिसत नाहीं. खोलींतला सोबती स्वतःच्या काळजींत. अशा मुलाचा डबा सलग दोन दिवस तसाच परत चालला आहे, दिवा रात्रभर जळतो आहे, किंवा बोलकें पोर एकाएकीं जिन्यावर मान खालीं घालून जाऊं लागलें आहे, हें ज्या एका वडील माणसाच्या नजरेस पडतें तें बहुधा घरची काकूच असते. तिनें हांक मारून ‘बाळा, जेवलास का?’ एवढें विचारलें, आणि उत्तर मनाला पटलें नाहीं तर त्याच्या घरीं फोन केला, तर कधीं कधीं एक जीव सांवरतो. अभ्यासाच्या ताणाखालीं मुलांनीं स्वतःचा घात करून घेतल्याच्या बातम्या ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांना या साध्या प्रश्नाची किंमत सांगावयास नको.

यासाठीं मुलाचें पालकत्व पत्करावें लागत नाहीं. त्याच्या वेळापत्रकांत लुडबूड करणें, त्याच्याकडे कोण येतें याची झडती घेणें, हा या कर्तव्याचा भाग नव्हे. मुलींच्या बाबतींत तर काळजीच्या नांवाखालीं पहाराच होतो, आणि तो त्यांना घरीं सोसावा लागला तेवढा पुरे असतो. दार ठोठावून आंत जावें, परवानगीवांचून खोली उघडूं नये, हा मान भाडें देणाऱ्याला मिळालाच पाहिजे. मुलांकडूनही कांहीं यावें लागतें. आजारी काकांना दवाखान्यांत नेण्यास, टँकर आला कीं नळी धरावयास, लहान नातवाचें गणित पाहावयास माडीवरचीं मुलें धांवतात, अशीं घरें लातुरांत आणि नांदेडांत पुष्कळ आहेत. वारावर जेवणाऱ्या मुलालाही तीं कामें करावीं लागत. त्याला तीं चुकवितां येत नव्हतीं. हीं मुलें तीं आपण होऊन करतात.

मे महिन्यांत प्रवेशपरीक्षा होते आणि खोल्या रिकाम्या होतात. कोणी वैद्यकीय महाविद्यालयांत जातो, कोणी पुन्हां एक वर्ष बसावयाचें ठरवितो, कोणी गांवीं परतून दुसरी वाट धरतो. जूनमध्यें नवीं मुलें येतात. त्या दिवशीं खोलीचें भाडें सांगण्याआधीं त्यांना टांकी दाखवावी, पाण्याचा वार सांगावा आणि आडनांव शेवटीं विचारावें. एवढ्यानें दोन्ही बिऱ्हाडांचें वर्ष बरें जाईल.