दैवी तरतूद आणि ठाण्याचे चार हुतात्मे

(जुबिली-महोत्सवाच्या पूर्वसंध्येस देवळांत दिलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या समयीं धर्मगुरूनें आनंदाचे व उपकारस्मरणाचे चार शब्द बोलावे अशी रीत आहे. उपकारस्मरण तर उद्यां पवित्र मिस्साबलिदानांत आपण सर्व मिळून करणारच आहों. आज मला जरा निराळ्या विषयावर बोलावयाचें आहे. हा विषय मीं निवडलेला नाहीं. तुमच्यापैकींच अनेकांनीं तो गेल्या कांहीं वर्षांत माझ्या दारीं आणून ठेविला आहे.

एका पावसाळ्यांत, संध्याकाळच्या जपमाळेनंतर, आपल्या धर्मग्रामांतील एक गृहस्थ मजकडे आले. त्यांचें नांव मी सांगत नाहीं. वीस वर्षें ज्या ठिकाणीं त्यांनीं चाकरी केली तो कारखाना बंद पडला होता. ह्या घोडबंदर रस्त्याच्या आसपास जेथें आज आकाशाला भिडणाऱ्या इमारती दिसतात, तेथें एके काळीं कारखान्यांचे भोंगे वाजत असत, हें आपल्यांतील वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. मीं त्यांस बसविलें, चहा दिला, आणि सेमिनरींत शिकलेलें उत्तर दिलें: परमेश्वर पाहून घेईल. ते क्षणभर गप्प राहिले. मग अगदीं शांतपणें म्हणाले, “फादर, देव पाहून घेईल हें मला मान्य आहे. पण मुलीची फी सोमवारीं भरायची आहे.”

मी निरुत्तर झालों. माझें उत्तर खोटें नव्हतें. परंतु तें मीं फार लवकर दिलें, आणि तें देण्यासाठीं मला स्वतःला कांहींच मोजावें लागलें नव्हतें. तेव्हांपासून ‘दैवी तरतूद’ हे शब्द उच्चारतांना मी थोडा अडखळतों. ते शब्द सोडून द्यावे असें मात्र मला कधींही वाटलें नाहीं. ते नीट समजून घ्यावे, एवढेंच वाटत आलें आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत अशी असते, कीं दैवी तरतूद म्हणजे एक प्रकारचा विमा आहे. हप्ते वेळेवर भरले, म्हणजे रविवारची मिस्सा चुकविली नाहीं, नोव्हेना पूर्ण केल्या, कीं आपली होडी आपल्याला हव्या त्याच बंदराला लागणार. ख्रिस्तसभेनें असें कधींच शिकविलेलें नाहीं. आब्राहाम निघाला तेव्हां कोठें जावयाचें हेंच त्यास ठाऊक नव्हतें. संत पौलास बिथुनिया प्रांतांत जावयाचें होतें, पण तेथील वाट बंद झाली आणि त्यास समुद्र ओलांडून मासेदोनियास जावें लागलें. आपल्या शेजारच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया घ्या. जेझुइट संघांत प्रवेश मिळावा ही त्याची तरुणपणची आशा सफळ झाली नाहीं. तो मकावकडे व्यापार करीत राहिला, पुढें मनिलास फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाला, दुभाषी म्हणून जपानांत गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्याचा अंत झाला. ही हकीगत वसईकरांस तोंडपाठ आहे, म्हणून मी ती लांबवीत नाहीं.

मला जी कथा सांगावयाची आहे ती याहून जुनी आहे, आणि ती आपल्या उंबरठ्यावर घडलेली आहे. मानपाड्याहून ठाण्याची खाडी किती लांब? रस्ता मोकळा असेल तर अर्धा तास. तसा तो क्वचितच असतो. ह्या खाडीच्या बंदरांत इ. स. १३२१ मध्यें एक गलबत येऊन लागलें. त्यांत चार फ्रान्सिस्कन होते: इटलींतील तोलेंतिनो गांवचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पेत्र, आणि जॉर्जियाच्या तिफ्लिस नगरचा देमेत्रियस, जो भाषा जाणणारा होता. त्यांच्या सोबत जोर्दान नांवाचा एक डोमिनिकन धर्मगुरू होता. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं त्यांच्यापैकीं एकालाही ठाण्यास यावयाचें नव्हतें.

थॉमस तेव्हां वयोवृद्ध होता. इ. स. १३०७ मध्यें चीन देशांतील मिशनरी मोंतेकोर्विनोचा जॉन याचें पत्र घेऊन तोच पोपसाहेब पांचवे क्लेमेंट यांच्यापुढें उभा राहिला होता. तेव्हांपासून चीन त्याच्या मनांत होता. जोर्दानची नजर मलबारांतील कोल्लमवर होती. इराणांतून होर्मुझ बंदरास येऊन त्यांनीं कोल्लमसाठीं गलबत ठरविलें. पण वारा म्हणा, खलाशांची मर्जी म्हणा, त्यांच्या इच्छेविरुद्ध तें गलबत ठाण्यास आलें. ठाण्यांत तेव्हां नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं. त्यांपैकीं एका घरीं पाहुण्यांची सोय झाली. जोर्दान थोड्याच दिवसांनीं बाप्तिस्मे देण्यासाठीं सोपाऱ्याहून भडोचच्या बाजूस निघाला. चौघे मागें राहिले.

पुढें जें घडलें त्याची सुरुवात किती क्षुल्लक होती पाहा. ज्या घरीं ते उतरले होते तेथें नवराबायकोचें भांडण झालें. नवऱ्यानें बायकोस मारहाण केली. ती बिचारी काजीकडे दाद मागावयास गेली, आणि घरीं चार साधुपुरुष आहेत, ते साक्ष देतील, असें सांगून बसली. पेत्र सामानाच्या राखणीस घरीं थांबला व तिघे कचेरींत गेले. तेथें साक्षीचा विषय बाजूस राहिला आणि धर्माचा वाद उभा राहिला. ९ एप्रिल १३२१ रोजीं, झावळ्यांच्या रविवारच्या आधींच्या गुरुवारीं, ते तिघे मारले गेले; दोन दिवसांनीं पेत्रही. मी हें कोणत्याही धर्माच्या लोकांविषयीं कटुता यावी म्हणून सांगत नाहीं. ज्या अधिकाऱ्यानें हें केलें त्यास पुढें दिल्लीच्या सुलतानानेंच देहान्त शासन केलें, असें जुन्या वृत्तांतांत नमूद आहे. आज आपल्या इमारतींतून सर्व धर्मांचीं कुटुंबें एका जिन्यानें जातात येतात, आणि आपल्या अडीअडचणीस तींच प्रथम धांवतात.

वाटेंत जोर्दानच्या कानीं संकटाची वार्ता आली व तो माघारीं फिरला. त्यानें एका जेनोव्ही तरुणाच्या साहाय्यानें चौघांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. तें सोपारें म्हणजे आपल्या आजच्या नालासोपाऱ्याचाच परिसर होय.

हुतात्म्यांची कथा येथें संपते असें आपण समजतों व मेणबत्ती लावून घरीं जातों. माझें मन मात्र त्या पांचव्या मनुष्याजवळ घुटमळतें, जो मेला नाहीं. चौघांस मुकुट मिळाला. जोर्दानास काय मिळालें? परका देश, परकी भाषा, ओळखीचें कोणी नाहीं, आणि ज्या बंदरीं यावयाचें नव्हतें तेंच बंदर. इराणांतील आपल्या धर्मबंधूंस त्यानें लिहिलेलीं पत्रें आजही उपलब्ध आहेत. त्यांत त्यानें कांहीं लपविलेलें नाहीं. चांच्यांच्या हातीं सांपडल्याचें, तुरुंगवासाचें, अंगावरचा झगाही गेल्याचें, आजारपणाचें आणि सर्वांत जास्त एकटेपणाचें दुःख त्यानें लिहिलें आहे. आपणही त्या चौघांबरोबर कां गेलों नाहीं, ही सल त्याच्या मनांतून जात नव्हती.

मला हीं पत्रें फार आवडतात, कारण तीं एका विश्वासू मनुष्याचीं आहेत आणि तरीही त्यांत गाऱ्हाणें आहे. आपण गाऱ्हाण्यास भितों. देवापुढें रडलों तर विश्वास उणा पडला असें वाटून घेतों. स्तोत्रसंहितेंतील किती स्तोत्रें गाऱ्हाण्यांनीं भरलेलीं आहेत, आणि प्रभूनें स्वतः क्रुसावरून कोणता आक्रोश केला, हें आपण विसरतों. आणखी एक गोष्ट. जोर्दान केवळ रडून थांबला नाहीं. त्यानें मागणें केलें. सोपारें, भडोच आणि कोल्लम हीं तीन ठिकाणें त्यानें नांवानिशीं कळविलीं, येथें माणसें पाठवा म्हणून लिहिलें, आणि दरम्यान जें काम हातीं होतें तें करीत राहिला.

आतां पुढचें ऐका. त्या दुर्घटनेनंतर थोड्याच वर्षांनीं पोर्देनोनेचा ओदोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला. त्यानें त्या हुतात्म्यांच्या अस्थि बाहेर काढिल्या, वस्त्रांत गुंडाळल्या, आणि बरोबर घेऊन तो गलबतानें कोल्लमकडे निघाला. वाटेंत वारा पडला. उतारूंनीं आपापल्या देवतांचा धांवा केला, उपयोग झाला नाहीं. तेव्हां ओदोरिकानें त्या अस्थींपैकीं एक समुद्रांत सोडली व वारा सुटला, असें तो सांगतो. ह्या चमत्काराविषयीं ज्यानें त्यानें आपलें मत ठेवावें. ख्रिस्तसभेनें तो कोणावर लादलेला नाहीं. परंतु कोल्लमनंतर ओदोरिक चीनला गेला आणि तेथील झैतून बंदरांतील आपल्या संघाच्या मठांत त्यानें त्या अस्थि ठेविल्या, हा इतिहास आहे. थॉमस चीनला पोहोंचला. आणि जोर्दान? इ. स. १३२९ मध्यें पोप बाविसावे जॉन यांनीं त्यास कोल्लमचा बिशप नेमिलें. भारतांतील पहिला लॅटिन धर्मप्रांत तोच. इ. स. १८९४ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं धन्य थॉमसच्या उपासनेस मान्यता दिली.

हें ऐकून तुम्हांस समाधान वाटलें असेल. मलाही वाटतें. पण त्या समाधानांत एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. हा सगळा जमाखर्च आपण सातशें वर्षांनंतर मांडीत आहों. ज्या रात्रीं जोर्दान सोपाऱ्याच्या मातींत आपले सोबती ठेवून एकटा परत फिरला, त्या रात्रीं त्याजजवळ ह्यांतलें कांहीं नव्हतें. बिशपपद नव्हतें, ओदोरिक नव्हता, चीन नव्हता. आणि सर्वांचा हिशेब असा जुळतोच असेंही नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील कितीएक मातांच्या प्रार्थनांचें उत्तर मला ठाऊक नाहीं, आणि तें मी बनवून सांगणार नाहीं. मला स्वतःलाही सेमिनरींत धर्मशास्त्र शिकवावयाचें होतें. दीक्षेनंतर मला एका लहानशा खेड्यांत पाठविण्यांत आलें. पहिलीं दोन वर्षें मी मनांतून रुसलेला होतों, आणि लोकांनीं तें ओळखलें असावें, कारण ते मजशीं लहान मुलाशीं बोलावें तसें प्रेमानें बोलत. त्याऐवजीं मी प्राध्यापक झालों असतों तर काय झालें असतें, हें मला आजही ठाऊक नाहीं.

तुम्हांस त्या गृहस्थांच्या सोमवाराविषयीं विचारावेंसें वाटत असेल. तें सांगतों. मीं निरुत्तर होऊन बसलों असतां माझ्या लक्षांत आलें, कीं ते मजकडे उत्तर मागावयास आलेच नव्हते. जोर्दानाप्रमाणें ते फक्त ठिकाण व दिवस कळवीत होते. मीं त्याच रात्रीं सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीच्या आपल्या बंधूंकडे गेलों. शनिवारपर्यंत निम्मी रक्कम जमली. उरलेली त्यांच्याच मजल्यावरील एका हिंदु शेजाऱ्यांनीं न मागतां दिली. मुलगी शिकली, आज नोकरीस आहे. गृहस्थांस मात्र पूर्वींसारखा पगार पुन्हां कधीं मिळाला नाहीं. दोन ठिकाणीं लहानसहान काम करून ते संसार चालवितात. मागील बांकावर बसलेले ते आतां मजकडे पाहून हंसत आहेत, म्हणून मी येथेंच थांबतों.

एक विनंति राहिली. उद्यांच्या मिस्सेच्या वेळीं वेदीजवळ एक पेटी ठेविली जाईल. ज्यांस कांहीं सांगावयाचें असेल त्यांनीं तें एका कागदावर लिहून पेटींत टाकावें. नांव घालण्याची आवश्यकता नाहीं. पण काय हवें आहे आणि कोणत्या दिवसापर्यंत, हें स्पष्ट लिहावें.