शब्बाथची तयारी : सुटी कोणाच्या कष्टावर?



कामगार संघटनेतल्या माणसाने ज्यू लोकांच्या शब्बाथवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. हिब्रू आम्हांला येत नाही. जे वाचले ते भाषांतरांतून, कचेरीचे काम आटोपल्यावर रात्री. परंतु आठवड्याची सुटी हा आमच्या रोजच्या झगड्याचा विषय आहे, आणि तिचा कायदा ज्या लोकांनी दोन हजारांहून अधिक वर्षे सांभाळला त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो व शनिवारी रात्री तारे दिसू लागले म्हणजे सुटतो. तेवढ्या वेळात 39 प्रकारची कामे वर्ज्य. ही यादी इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात आहे. पेरणे, दळणे, शिवणे, लिहिणे, विस्तव पेटवणे ही कामे तीत आहेत. आणि कातणे, ताणा लावणे, विणणे हीही आहेत. गिरणीकामगाराला ती वाचताना आपलीच खाती आठवतील. अपवाद मोठा एकच : माणसाचा जीव धोक्यात असेल तर नियम मोडावा, असे शास्त्रच सांगते.

चूल पेटवायची नाही, म्हणजे सारे शुक्रवारी उरकले पाहिजे. घर झाडायचे, उन्हाळ्याच्या... नव्हे, कढत पाण्याने अंग धुवायचे, नखे काढायची, स्वच्छ कपडे काढून ठेवायचे. रात्रीच्या जेवणाला भूक राहावी म्हणून दिवसा पोटभर खायचे नाही. पानावर दोन अखंड पाव. कारण रानात भटकताना देवाने पाठवलेले अन्न शुक्रवारी दुप्पट मिळे, अशी कथा आहे. सूर्य मावळण्यापूर्वी घरची बाई दिवे लावते. शनिवारच्या जेवणाचे भांडे आदल्या दिवशीच मंद आचेवर चढते आणि रात्रभर शिजत राहते.

आता आमचा खरा प्रश्न. एवढी तयारी करायची कोणी? सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेचे उत्तर स्पष्ट आहे : घरात कितीही नोकर असोत, यजमानाने स्वतःच्या हाताने काहीतरी केलेच पाहिजे. तालमुदात मोठमोठ्या पंडितांची नावे दिली आहेत. रब हिस्दा भाजी बारीक चिरत, रब्बा आणि रब योसेफ लाकडे फोडत, रबी झेरा विस्तव पेटवत. ज्यांच्या शब्दाला सारे मान देत, त्यांना पाटावर बसून विळी हाती घेण्यात कमीपणा वाटला नाही. शब्बाथचा मान राखायचा तो असा.

गरिबाचाही विचार आहे. गावात शब्बाथला मुक्काम करणाऱ्या गरीब वाटसरूला तीन जेवणांचे अन्न द्यावे, असे मिश्ना सांगते. उलट रबी अकिबा बजावतात की, दुसऱ्यापुढे हात पसरण्यापेक्षा शब्बाथचे जेवण रोजच्यासारखे साधे असले तरी चालेल. सणासाठी सावकाराच्या दारी जाणाऱ्यांनी हे ऐकण्यासारखे आहे.

तोरामध्ये ही विश्रांती दास, दासी, परका, बैल आणि गाढव या सर्वांना दिली आहे. कारणही दिले आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा. आमच्या कोकणात बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. घाणा थांबला म्हणजे बैलाच्या मानेवरचे जूही उतरले. मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली उभे राहिले. पण त्यांची ओळख खेड्यात त्या बंद घाण्यानेच पटत असे.

आमची रविवारची सुटी मात्र झगडून मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्याआधी एप्रिलमध्ये कामगारांची जंगी सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ही सुटी बायांनीही मागितली होती, हे विसरू नये.

आणि आज चाळीत रविवारी काय दिसते? पुरुष वर्तमानपत्र घेऊन खाटेवर, आणि बाईला रोजच्याहून दुप्पट काम : आठवड्याचे धुणे, मटण, पाहुणे, वर चहाची फर्माइश. ज्यू घरांतही तयारीचा मोठा भार बायकांवरच पडत आला. तेथे सारे आलबेल होते असे आम्ही म्हणत नाही. पण सूर्य मावळला की त्या बाईची चूल कायद्याने थंड होई. नवऱ्याला ‘जरा चहा टाक’ म्हणण्याची सोयच नव्हती.

मालकाकडून सुटी मागताना आम्ही म्हणतो की, यंत्रालाही विसावा लागतो. तोच हिशेब घरी लावावा, एवढेच आमचे मागणे आहे. येत्या शनिवारी रात्री पुरुषांनी भाजी चिरून ठेवावी, पाणी भरावे, आणि रविवारी दुपारनंतर घरातल्या कोणालाच काम सांगू नये. त्यासाठी ज्यू व्हावे लागत नाही.