विणलेल्या वस्त्राची झीज



वसंतातल्या उकाड्यात लोकरीविषयी बोलणे थोडे धाष्ट्र्याचेच. परंतु लोकरी कपडे धुऊन ठेवणीत टाकण्याचे दिवस हेच. आणि वस्त्र किती टिकले याचा हिशेबही तेव्हाच होतो.

वडिलांची बदली सिमल्यास झाली, तेव्हा १९६८ साली आमच्या आईने सुयांवर विणलेला एक झगा आमच्या घरी आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांस अडवून धरतात. सुयांवरच्या विणीत मात्र एकच धागा टाक्यातून टाका काढीत पुढे जातो. म्हणून ती वीण अंगाबरोबर ताणते आणि पुन्हा आवळते. याच गुणामुळे ती स्वतःच्या भाराने ओघळतेही. असा झगा खुंटीला न टांगता घडी करून ठेवावा.

आमच्या झग्याची कोपरे विरली आहेत. काखेत मात्र उलट घडले. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. घामाची ओल, अंगाची ऊब आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात. तेथे वीण नमद्यासारखी घट्ट झाली आहे. गळ्याशी कसरीने दोन भोके पाडली. कसरीचा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. आपली नखे आणि केस ज्या केरॅटिनचे, लोकरही त्याचीच, आणि अळीला ते पचते.

आम्ही एकदा टाके मोजले. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात आडवे २२ टाके आणि उभ्या ३० ओळी, म्हणजे ६६० टाके. झग्याची वीण सुमारे एक चौरस मीटर धरली तर ६६,००० टाके होतात. मिनिटास वीस टाके धरले, तरी ५५ तास झाले. ही मजुरी घरातल्या कोणत्याही जमाखर्चात लिहिलेली नाही. यंत्रावरचा झगा स्वस्त पडतो असे आपण म्हणतो, ते आईच्या त्या तासांची किंमत शून्य धरून नव्हे काय?

आता घरात प्रश्न उभा आहे. झगा जपावा, की उसवून आईच्या पणतीसाठी नवा विणावा? उसवलेल्या लोकरीची लड धुऊन वाळवली की तिची वळणे बरीच उलगडतात आणि ती पुन्हा सुयांवर चढते. एक पक्ष म्हणतो, टाके मोडले की आईचा हात गेला. दुसरा पक्ष झग्याच्या खालच्या काठाकडे बोट दाखवितो. तो काठ आईने वडिलांचा जुना स्वेटर उसवून विणला होता. स्वेटर पेटीत ठेवून आठवण जपण्याचा मार्ग तिलाही मोकळा होता. तिने सुया हाती घेतल्या.

आमचा कौल उसवण्याकडे आहे. काखेतली लोकर सुटणार नाही, ती कापावी लागेल. कोपरांचा धागाही पुन्हा घेण्याजोगा नाही. तेवढी नवी लोकर आणावी लागेल, आणि ती विणायला कोणीतरी आपले तास द्यावे लागतील. ते कोण देणार, एवढेच ठरायचे आहे.