नोत्र दामचा जीर्णोद्धार



पॅरिसच्या नोत्र दाम या गॉथिक कॅथीड्रलची हकीकत आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. सीन नदीतील बेटावर ११६३ च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू झाले. राज्यक्रांतीत त्याची नासधूस झाली. पुढे व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ मधील कादंबरीने लोकांचे लक्ष त्याकडे वेधले आणि १८४४ पासून जीर्णोद्धार झाला. जुना निमुळता कळस अठराव्या शतकातच उतरविला गेला होता. वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी त्या जागी नवा, अधिक उंच कळस उभारिला.

१५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीत हा कळस कोसळला आणि ओकच्या लाकडाचे मध्ययुगीन छप्पर भस्मसात झाले. नवा कळस आजच्या धाटणीचा असावा की पूर्वीसारखाच, यावर मोठा वाद झाला. अखेर २०२० मध्ये पूर्वीचेच रूप कायम ठरले. छपराच्या तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने तासल्या. त्यांतील काहींनी ही विद्या गेदलों येथे आत्मसात केली होती. तेथे १९९७ पासून मध्ययुगीन पद्धतीनेच एक किल्ला बांधला जात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दामची दारे पुन्हा उघडली.

जळालेले लाकूड परत आले नाही. परंतु ते तासणारे हात शिल्लक होते, म्हणून छप्पर परत आले. घरापासून दूर मराठी जपणाऱ्या आपणा सर्वांस याहून अधिक काय सांगावे? जे नित्य वापरात राहते, तेच पुन्हा उभारता येते.